ट्रिपल पी की ट्यूनिंग इन टू टीन्स? पालकांसाठीचा वर्ग निवडताना

बारा-तेरा वर्षांच्या मुलाशी रोज खटके उडू लागले, म्हणून पालकांसाठीच्या प्रशिक्षणवर्गाचा विचार करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील मराठी आईवडिलांसमोर त्याच देशात घडलेले ट्रिपल पी (पॉझिटिव्ह पॅरेंटिंग प्रोग्राम) आणि ट्यूनिंग इन टू टीन्स हे दोन अभ्यासक्रम प्रामुख्याने येतात. दोन्ही किशोरवयीन मुलांच्या पालकांसाठीच असले, तरी भांडणाकडे ते निरनिराळ्या बाजूंनी पाहतात.

क्वीन्सलँड विद्यापीठात मॅट सँडर्स आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ट्रिपल पीची किशोर आवृत्ती वर्तनापासून सुरुवात करते. मुलाचे नेमके काय आवडले ते सांगून कौतुक करणे, घरचे नियम त्याच्यासोबत बसून ठरवणे, ते मोडल्यास काय होईल हे आधीच स्पष्ट करणे आणि रात्रीच्या पार्टीसारख्या जोखमीच्या प्रसंगाची पूर्वतयारी करणे, यांवर तिचा भर आहे. गटवर्ग 8 आठवड्यांचा असतो: प्रत्येकी 2 तासांची 5 सत्रे आणि दूरध्वनीवरून 3 स्वतंत्र संवाद. घरातली गोष्ट चारचौघांत काढायला संकोचणाऱ्यांना हे दूरध्वनी गटसत्रांइतकेच उपयोगी पडावेत.

मेलबर्न विद्यापीठातील सोफी हॅविगहर्स्ट आणि अ‍ॅन हार्ली यांचा ट्यूनिंग इन टू टीन्स हा सहसा 6 सत्रांचा वर्ग मात्र दार आपटून खोलीत गेलेल्या मुलाला काय वाटत असेल, येथून सुरू होतो. आधी भावना ओळखायची, तिला नाव द्यायचे, ऐकून घ्यायचे आणि मर्यादा किंवा उपाय यांकडे त्यानंतरच वळायचे, असा त्याचा क्रम आहे. आपल्या लहानपणी राग आणि रडणे घरात कसे हाताळले गेले, हेही पालकाला तपासावे लागते. ‘उलट बोलायचे नाही’ या शिस्तीत वाढलेल्यांना हा भाग जड जातो, पण माझ्या मते वर्गाचे खरे मोल त्यातच आहे. आपल्यापुढे आणखी एक पेच असतो: मूल इंग्रजीत चिडते आणि आई मराठीत समजावते, तेव्हा भावनेला नाव कोणत्या भाषेत द्यायचे? ‘वैताग’ या शब्दाला तोडीस तोड इंग्रजी शब्द मला तरी सापडलेला नाही.

घरात बोलणे सुरू आहे, पण मोबाइल, झोप आणि परतण्याची वेळ यांवरून रोज ओढाताण होते, असे असेल तर ट्रिपल पी घ्यावे. नियम पाळले जातात, पण मूल मनातले काहीच सांगत नाही, असे असेल तर दुसरा वर्ग निवडावा.

या दोन्ही वर्गांत पालकच बसतात. मूलही सोबत हवे असेल, तर अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठातून आलेल्या 10 ते 14 वयोगटाच्या स्ट्रेंग्थनिंग फॅमिलीज कार्यक्रमाचा नमुना पाहावा: 7 सत्रे, पहिला तास वेगवेगळा, दुसरा एकत्र. दक्षिण आफ्रिकेतील सिनोवुयो टीन हा 14 सत्रांचा कार्यक्रमही दोघांना सामावून घेतो. ईस्टर्न केपमधील 552 कुटुंबांच्या चाचणीत मारहाण आणि छळ कमी झाल्याचे पालकांच्या उत्तरांतून दिसले, मुलांच्या उत्तरांतून मात्र तितके स्पष्ट दिसले नाही. त्यामुळे कोणताही वर्ग संपल्यावर फरक पडला का, हे मुलालाच विचारावे.

मूल स्वतःला इजा करून घेत असेल किंवा घरात हिंसा होत असेल, तर वर्गाची वाट पाहू नये; आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे आणि मानसिक आरोग्याचा उपचार आराखडा तयार करून घ्यावा.