कर्जाच्या अ‍ॅपला माझ्या गिऱ्हाइकांची मापं कशाला हवीत? (5 पैकी 2 तारे)

मिरजेत घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. ऐन दसऱ्याच्या तोंडावर जुनं मशीन बसलं. नव्याला 20 हजार हवे होते आणि बचत गटात माझा नंबर दोन महिन्यांनी. म्हणून धाकट्या दिराने तो वापरतो ते झटपट कर्जाचं अ‍ॅप माझ्या फोनात घालून दिलं. नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको.

उघडताच पहिली मागणी कॉन्टॅक्ट्सची. ‘परवानगी द्या’ हिरवंगार, ठळक. ‘नंतर’ राखाडी, मुंगीएवढं. आता माझ्या फोनात नावं कशी सेव्ह आहेत बघा: ‘शोभाताई छाती 38 बाही 10 गळा मागे खोल’. वही सापडत नाही, फोन हाताशी असतो, म्हणून मापं नावातच घालायची सवय. अशी तीनशेच्या वर गिऱ्हाइकं. त्या बायकांनी मापं माझ्या टेपला दिलीत. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच कर्जाच्या अ‍ॅपना कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फाइलींना हात लावायची मनाई केलीय. कॅमेरा, माइक, लोकेशन फक्त केवायसीपुरतं, एकदाच, तेही विचारून. मी ‘नंतर’ दाबलं. पुढचे चार दिवस अ‍ॅप उघडलं की तीच पाटी.

मग ‘तुमचं काम’. पर्याय तीन: नोकरी, व्यवसाय, गृहिणी. व्यवसाय निवडला तर जीएसटी नंबर भरल्याशिवाय पान हलेना. अहो, शिलाईसारख्या सेवेला वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागतच नाही! माझ्याकडे ‘उद्यम’चं, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र आहे, ते टाकायला जागा नाही. नाइलाजाने गृहिणी निवडलं. मंजूर झाले 8 हजार. दिराचा पगार 14 हजार, त्याला 40 हजार. सीझनला मी त्याच्याहून जास्त कमावते, पण रोखीत. गटाचे सहा वर्षांचे हप्ते एकही न चुकवता भरलेत, ते वहीत आहेत. ‘बाई आहे, कमी द्या’ असं कुणी त्या अ‍ॅपमध्ये लिहिलं नसेलही. त्या तीन पर्यायांनी ते काम आपोआप होतं.

एक गोष्ट मात्र चांगली. सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ आलं, म्हणजे कर्जाचा सगळा खर्च सांगणारं पान, तेही मराठीत. जाहिरातीत ‘महिना फक्त 3 टक्के’. आमच्या भाषेत शेकडा तीन, म्हणजे फार महाग नाही असं वाटतं. खाली हिशेब: प्रोसेसिंग फी 640, त्यावर जीएसटी 115 रुपये 20 पैसे, हातात 7,244 रुपये 80 पैसे, 2,828 चे तीन हप्ते. वार्षिक दर 99 टक्क्यांच्या पुढे! दिराला दाखवलं तर म्हणाला, “वहिनी, मी ते पान वाचलंच नव्हतं.”

कर्ज घेतलं नाही. गटातल्या एका मावशींनी आपला नंबर मला दिला, मशीन आलं.

माझी माहिती पुसून टाका म्हणून कळवायचं होतं. संमती मागे घ्यायची, माहिती पुसून घ्यायची सोय अ‍ॅपने द्यावी असं रिझर्व्ह बँकेच्या त्याच नियमात आहे. अर्धा तास शोधलं. शेवटी ‘मदत’मध्ये एक ईमेल मिळाला, मराठीतच लिहिलं. इंग्रजीत उत्तर आलं, तिकीट नंबरसकट. तीन आठवडे झाले. काल त्यांचाच मेसेज आला: ‘अभिनंदन, तुमची मर्यादा वाढून 10 हजार झाली आहे.’

दोन तारे त्या मराठी पानाला.