लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज, गंगापूर रोड: जाहिरात सोडा, हात बघा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या या छोट्या सेंटरच्या फलकावर ‘एका सेशनमध्ये इंच कमी’ असं लिहिलंय. तेवढ्यासाठी जाणार असाल तर पैसे वाचवा. आतलं काम मात्र फलकापेक्षा बरंच प्रामाणिक आहे.

सुरुवात मानेपासून होते, इथेच निम्मे मार्क. अंगभरची लसिका (लिम्फ, म्हणजे पेशींभोवतालचं जादा पाणी वाहून नेणारा द्रव) शेवटी कॉलरबोनच्या मागच्या शिरांत रिकामी होते. तिथला रस्ता मोकळा न करता पोटऱ्या चोळत बसलं तर ते पाणी जाणार कुठे? थेरपिस्ट ताई बोटं सपाट ठेवून कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात कातडी हळूच ताणतात आणि सोडतात, एका जागी ५ ते ७ वेळा. बोटं घसरत नाहीत, कातडीच बोटांबरोबर सरकते. म्हणून तेल लावत नाहीत. मग काख, पोट, जांघ. पायातही आधी मांडी, मग गुडघ्याची मागची बाजू, पोटरी आणि सगळ्यात शेवटी घोटा.

‘अहो, काही जाणवतच नाही’ अशी तक्रार इथे बऱ्याच जणी करतात. जाणवायला नकोच. लसिकेच्या सगळ्यात बारीक वाहिन्या कातडीच्या लगेच खाली असतात आणि नाजूक तंतूंनी आजूबाजूला बांधलेल्या असतात. कातडी ताणली की तंतू ओढले जातात, वाहिनीच्या भिंतीतल्या फटी उघडतात आणि साचलेलं पाणी आत शिरतं. जोर लावला की तिथला रक्तप्रवाह वाढतो, कातडी लाल होते आणि उलट जास्तच पाणी बाहेर झिरपतं. डेन्मार्कच्या वोडर दांपत्याने १९३० च्या दशकात ही पद्धत बसवली, तीही हलक्या हातानेच. त्यामुळे इथलं लाकडी रोलरचं जादा पॅकेज सरळ नाकारा. त्याने निळे डाग पडतात, निचरा होत नाही.

निरोगी तरुण मुलीला फरक काय पडतो? टेबलावर नाडी थोडी मंदावते, डोळे जड होतात, नंतर लघवीला जावंसं वाटू शकतं. दिवसभर काउंटरवर उभं राहून घोट्यावर मोज्याची खूण उमटत असेल किंवा पाळीआधी अंग जड वाटत असेल, तर तात्पुरतं हलकं वाटतं. चरबी तसूभरही हलत नाही. काटा थोडा उतरला तरी ते पाणीच, जेवणखाण झालं की परत येतं. बीपी मुळात कमी असेल तर टेबलावरून झटकन उठू नका, २-३ मिनिटं बसून राहा.

खरी उणीव फॉर्ममध्ये आहे. नाव, वय आणि मोबाइल, बस! ताप, कातडीचा संसर्ग, शिरेत गुठळी, हृदय किंवा किडनीचा आजार, थायरॉइड, गरोदरपण, हे विचारायलाच हवं. ते विचारत नाहीत, तर तुम्ही आपणहून सांगा. एकच पाय अचानक सुजून दुखत असेल तर आधी डॉक्टर. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हात सुजला असेल तर हे ठिकाण तुमच्यासाठी नाही. अशा सुजेला बँडेज, व्यायाम, त्वचेची निगा आणि मसाज एकत्र सांभाळणारा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टच लागतो.

रोजच्या सुजेला गोदापार्कवर अर्धा तास झपाझप चालणं जास्त उपयोगी. पोटरीचे स्नायू हेच काम फुकटात करतात. तरी जायचंच असेल तर मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी गर्दीत ६० मिनिटांचं सेशन ४५ मध्ये गुंडाळतात आणि कात्री नेमकी मानेच्या भागाला लागते.