सूटकेसवाला रेकॉर्ड प्लेयर: कापसाचा सीझन आणि एक उन्हाळा काढल्यानंतर

ब्रँडचं नाव घेत नाही, कारण ही तपकिरी रेक्झिनची पेटी वेगवेगळ्या नावांनी विकतात आणि आतला माल बहुतेक सारखाच असतो. तीन स्पीड, ब्लूटूथ, दोन चिमुकले स्पीकर, लाल सुई, हे सगळं तुम्हाला माहितीय. मी थेट झाकणावर येतो.

झाकण लागत नाही. म्हणजे रिकामी पेटी असताना लागतं, जाहिरातीच्या फोटोत तर फारच छान लागतं, पण बारा इंची एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, ठेवली की ती दोन्ही बाजूंनी पेटीबाहेर येते आणि झाकण उघडं ठेवूनच वाजवावी लागते. दारं-खिडक्या बंद करून एसी लावणाऱ्यांना चालत असेल, माझं घर जळगावात जिनिंगच्या रस्त्याला आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की एक बाजू संपेपर्यंत सुईच्या टोकाला करडा पुंजका जमतो, थोडी रुई, थोडी काळ्या मातीची धूळ आणि घरातल्या कोणाचा तरी केस. आधी खरखर येते, मग झांजा गायब होतात, मग गायक तोंडात रुमाल कोंबून ओरडतोय असं ऐकू येतं. मी ऐकतो त्या पंकमध्ये, म्हणजे आरडाओरड्याच्या वेगवान रॉकमध्ये, हे लवकर लक्षातही येत नाही ही वेगळीच गंमत. आजी अमळनेरहून आली होती, तिने तर सुई स्वच्छ असतानाच विचारलं, "हाई गानं शे का भांडन?"

झाकण लागतं ते फक्त सात इंचीला. मायनर थ्रेट या अमेरिकन पंक बँडची १९८१ ची पहिली ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, सात इंची होती, आठ गाणी आणि सगळं मिळून साडेनऊ मिनिटांच्या आत खेळ खल्लास. म्हणजे माझ्या पेटीत झाकण लावून ऐकायचं तर जगातल्या सगळ्या बँडनी साडेनऊ मिनिटांत आटपावं. कस्टमर केअरला मी हे सोडून बाकी सगळं सांगितलं, उत्तर आलं, "सर, ते डिझाइनच तसं आहे." अरे पण मग झाकण दिलंच कशाला भाऊ, त्याचे पैसे कमी करा ना!

आता मोबाईलवर फुकट ऐकायचं सोडून हा खटाटोप कशाला असं विचारतात. मी चिक्कू माणूस आहे, म्हणूनच करतो. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला रॉयल्टीच नाही, आणि आपल्याकडच्या छोट्या पंक बँडची कितीतरी गाणी त्या हजाराच्या आतच असतील. बँडकॅम्पवर, म्हणजे बँडकडून थेट विकत घ्यायच्या साइटवर, डिजिटल घेतलं तर ते १५ टक्के कापतात, वस्तू घेतली तर १०, त्यात पेमेंटचा चार्ज वेगळा, आणि बँडकॅम्प फ्रायडे नावाच्या ठरावीक शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडतात. म्हणजे माझे पैसे नेमके कोणाच्या खिशात गेले ते तरी कळतं. त्याहून चांगलं म्हणजे गिगनंतर, म्हणजे बँडच्या कार्यक्रमानंतर, स्टॉलवरून रोख घेणं. टूरवर निघालेल्या बँडचे तिकिटाचे पैसे प्रवास, साऊंड आणि राहण्यातच संपतात, टी-शर्ट आणि रेकॉर्डचं टेबल असतं तेच काय ते हाताला लागतं.

फक्त ते टेबल जळगावात कधी लागत नाही. सगळ्यांच्या टूर मुंबई, पुणे, बंगळूर, दिल्ली, फार तर शिलाँग. मुंबईहून हावड्याला आणि दिल्लीला जाणाऱ्या एवढ्या गाड्या शेजारच्या भुसावळवरून जातात, त्यात एखादा बँड गिटार उशाशी घेऊन झोपलेला असेलही, उतरत मात्र कोणी नाही. मग आपणच महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला जायचं आणि येताना एलपी वरच्या बर्थवर भिंतीला उभी टेकवून रात्रभर एका हाताने धरून आणायची. आडवी ठेवली की कोणीतरी त्यावर बॅग टाकतोच.

परदेशी बँडचं तर विचारूच नका. रेकॉर्डपेक्षा टपालखर्च जास्त, वर कस्टम. फुगाझी या अमेरिकन पंक बँडचं डिस्कॉर्ड लेबल रेकॉर्डच्या मागे टपालासकट किंमत छापायचं, म्हणजे दुकानदाराने जास्त मागितले तर गिऱ्हाइकाला कळावं, आणि बँड शोचं तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवायचा. आजच्या भावात ते जमणार नाही हे कळतं मला, तरी चेकआउटच्या पानावर शिपिंगचा आकडा आला की त्यांचीच आठवण येते.

मे महिन्यात खरी परीक्षा झाली. इथे पारा पंचेचाळीसला टेकतो, कुरियरची बंद गाडी दुपारभर उन्हात उभी. पार्सल हातात घेतलं तर पुठ्ठासुद्धा गरम होता, आणि आतली एलपी कडेने लाटेसारखी वर-खाली. सुई डोलायला लागली, आवाज लांबायला लागला. दोन काचांमध्ये दाबून, वर वहिनीचं जुनं जातं ठेवून बरीचशी सरळ झाली, पण पहिलं गाणं अजून डोलतं. त्याच आठवड्यात प्लेयरचा बेल्ट सैल पडला आणि सगळेच बँड सुतकात असल्यासारखे वाजायला लागले. वॉरंटी होती. सर्व्हिस सेंटर पुण्याला, जायचं-यायचं कुरियर आपलं, आधी व्हिडिओ पाठवा, मग बिल पाठवा, मग "बेल्ट कन्झ्युमेबल आहे सर, वॉरंटीत येत नाही." इतके ईमेल करून माझं मत पक्कं झालं होतं की एक स्टार द्यायचा आणि विषय संपवायचा.

गोलाणी मार्केटमधल्या एका काकांनी ते बिघडवलं. त्यांच्याकडे जुन्या टेपच्या बेल्टांची बरणी आहे, अख्खी भरलेली. त्यांनी प्लॅटर उचलला, सैल बेल्ट बोटांवर ताणून बघितला, बरणीतून अंदाजाने एक काढला, बसला नाही, दुसरा बसला. दीडशे रुपये. मग मागच्या बाजूच्या त्या लाल-पांढऱ्या आउटपुटच्या भोकांकडे बोट दाखवून म्हणे, "हे वापरता का? आतल्या स्पीकरवर काय ऐकताय?" घरी येऊन माळ्यावरचा जुना होम थिएटर काढला, वायर जोडली, आणि बास गिटार पहिल्यांदा ऐकू आला. त्याच रेकॉर्डमध्ये मागे कोणीतरी टाळ्या देतंय हेही मला तोवर माहीत नव्हतं. शेजारचे येऊन गेले, सुदैवाने फक्त बघायला.

तर सुधारित मत असं: आतले स्पीकर म्हणजे शोभेचे, बाहेर जोडायची सोय असेल तरच घ्या. ऑटो-स्टॉपचं बटण बंद ठेवा, माझ्याकडे ते शेवटचं गाणं संपायच्या आधीच प्लेयर थांबवतं. सुईचा दाब या पेट्यांमध्ये पाचेक ग्रॅम असतो, चांगल्या मशीनला दोनच्या आसपास, आणि इथे तो कमी करायला वजनही दिलेलं नसतं, म्हणून महागडी एलपी त्यावर रोज घासू नका, रोजच्यासाठी डाउनलोड आहेच. झाकणावर मात्र मी ठाम आहे. पातळ सुती ओढणीची खोळ शिवून घेतली, ती वाजताना सुईच्या दांडीला लागते, म्हणजे तेही जमलं नाही. सध्या कापसाच्या दिवसांत रात्री गाड्या थांबल्यावरच लावतो, तेव्हा घरचे झोपलेले असतात म्हणून आवाज कमी.

तीन स्टार. विकणार का म्हणून दोघांनी विचारलंय, नाही विकणार. पुढच्या एलपीची प्री-ऑर्डर टाकलीय, रिलीज नेमकी एप्रिलच्या शेवटी आहे, पत्ता पुण्याच्या मावसभावाचा दिलाय. तो पावसाळ्यात येणार आहे, तेव्हा घेऊन येईल.