राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर तीन आठवडे: ‘सूझरेन’ गेम

मी कराडला कनिष्ठ महाविद्यालयात २१ वर्षं राज्यशास्त्र शिकवते. दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतंच, “मॅडम, आपले ते राष्ट्रपती आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, असं का? इंग्रजीत तर एकच शब्द आहे.” मी फळ्यावर दोन रकाने आखते, नामधारी आणि वास्तविक कार्यकारी प्रमुख असं लिहिते, आणि मुलं ते उतरवून घेतात. त्यांना ते समजलं असं मात्र फार कमी वेळा वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलाने माझ्या लॅपटॉपवर ‘सूझरेन’ हा गेम टाकून दिला. “आई, यात मारामारी नाही, नुसतं वाचायचं आणि ठरवायचं,” एवढंच तो म्हणाला. तीन आठवडे रोज रात्री जेवणं आवरली की मी लॅपटॉप उघडत होते.

बर्लिनच्या टॉर्पोर गेम्सने हा गेम २०२० साली काढला. काळ १९५४चा, जग पूर्ण काल्पनिक. सॉर्डलँड नावाच्या प्रजासत्ताकाचे चौथे राष्ट्राध्यक्ष अँटन रेन म्हणजे तुम्ही. देश मंदीत रुतलेला. आधीचे एक राष्ट्राध्यक्ष टारक्विन सोल यांनी यादवीनंतर देश उभा केला, सुमारे वीस वर्षं सत्ता हातात ठेवली आणि स्वतःच्या मापाची राज्यघटना करून घेतली. ते अजून हयात आहेत, पक्षातली अर्धी माणसं अजून त्यांच्याच शब्दाबाहेर नाहीत. दोन बाजूंना दोन महासत्ता, भांडवलशाही आर्केशिया आणि साम्यवादी कोंटाना. दोघींनाही सॉर्डलँड आपल्या पंखाखाली हवा आहे. गेमच्या नावाचा अर्थ तिथेच आहे. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला तो वेगळा सांगायला नको: छत्रपतींची गादी शाबूत ठेवून वर कंपनी सरकार बसलं होतं आणि १८४८ साली तेही नाटक संपवून राज्य खालसा झालं. आम्ही संस्थानांच्या धड्यात ‘अधिसत्ता’ म्हणून शिकवतो, तीच ही.

पडद्यावर देशाचा नकाशा असतो. ठिकाणावर टिचकी मारली की प्रसंग उघडतो, संवाद येतात, मधूनमधून तुम्ही उत्तर निवडायचं. एकूण मजकूर सुमारे चार लाख शब्दांचा आहे. अनोळखी नाव आलं की त्यावर टिचकी मारून माहिती वाचता येते. प्रत्येक टप्प्यानंतर वर्तमानपत्रं येतात आणि एकाच निर्णयावर प्रत्येकाचा मथळा वेगळा असतो. हा भाग मला फार आवडला.

पैसा कमी आहे हे पहिल्या तासातच समजतं. महामार्ग हवा की रेल्वे? आरोग्यमंत्री दवाखान्यांसाठी मागतात, शिक्षणमंत्री शाळांसाठी. मी शिक्षिका, साहजिकच शाळांना दिले, आणि पुढे दवाखान्यांची अवस्था वाचताना फार बोचलं. दोन्ही मागण्या खऱ्या होत्या.

पण या गेमचा गाभा म्हणजे राज्यघटना बदलण्याचा प्रसंग. त्यावर मी एकटीने चार रात्री घालवल्या. सुधारणावाद्यांना सोल यांची घटना मोडायची आहे, जुन्या गटाला तिचा काना-मात्राही हलू द्यायचा नाही. एकेक कलम समोर येतं. राष्ट्राध्यक्षाला कायदा अडवण्याचा, म्हणजे व्हीटोचा, अधिकार ठेवायचा का? न्यायाधीश कोणी नेमायचे? छोट्या पक्षांना सभागृहात यायला किती मतांची अट? तुम्ही मसुदा ठरवला की सभागृहात मतं जमवावी लागतात, आणि ती जमली तरी सर्वोच्च न्यायालयाचा अडथळा उरतोच. म्हणजे ज्याला तुम्ही मागे दुखावलंत त्याच्याकडेच आता मत मागायला जायचं.

मी व्हीटो ठेवला. विचार असा केला की जुन्या गटाने काही वाईट कायदा रेटला तर अडवायला हाती काहीतरी हवं, आणि मी तर तो नीटच वापरणार. एकदोनदा वापरलाही. सभागृहात न जाता काढायच्या आदेशांचंही तसंच झालं. पहिला चांगल्या कामासाठी काढला, पुढचे काढताना हात अडखळला नाही. मग शेवटी निवडणूक आली आणि मी हरले. हरल्याचं इतकं वाईट वाटलं नाही. पण जो अधिकार मी माझ्या भरवशावर त्या कागदात राहू दिला होता, तो आता दुसऱ्याच्या टेबलावर गेला होता. लॅपटॉप मिटून बराच वेळ मी ओट्यापाशी उभी होते.

२५ जून १९७५ची रात्र मी दरवर्षी शिकवते. पंतप्रधानांच्या सल्ल्यावर राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली, मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय बंधनकारक केला, तो त्या एका रात्रीमुळे. आपल्या राष्ट्रपतींवर मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक आहे, फार तर एकदा फेरविचाराला परत पाठवता येतो. के. आर. नारायणन यांनी १९९७ साली उत्तर प्रदेशातल्या राष्ट्रपती राजवटीची शिफारस अशीच परत पाठवली होती. ग्यानी झैलसिंग यांनी १९८६चं टपाल विधेयक ना सही करून ना परत करून नुसतं ठेवून दिलं, कारण कलम १११मध्ये मुदतच लिहिलेली नाही. हे सगळं मी आजवर माहिती म्हणून सांगत आले. रेनच्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा कळलं की इतक्या गाठी कशासाठी मारून ठेवल्या आहेत.

आदेशांवरून वटहुकूम आठवलेच. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाले आणि त्यांतले काही पुन्हा पुन्हा काढून १४ वर्षांपर्यंत जिवंत ठेवले गेले. ते खणून काढून सर्वोच्च न्यायालयात नेणारे डी. सी. वाधवा आपल्या पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले. निकाल १९८६ साली लागला. आदेशांची सवय कशी लागते, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने हा गेम जरूर खेळावा.

घरातले प्रसंग थोडेच आहेत, पण नेमके आहेत. पत्नी मोनिकाला बायकांच्या हक्कांसाठी काम करायचं आहे, मुलगा फ्रांक वयात आलेला. देश चालवणारा माणूस जेवणाच्या टेबलावर किती गैरहजर असतो ते दिसतं.

उणिवाही सांगते. मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजी अवघड नाही, पण भरपूर आहे. सुरुवातीच्या दोन तासांत नावांचा इतका मारा होतो की मी वहीत मंत्र्यांची यादी करून ठेवली. मधला काही भाग संथ आहे. आर्थिक निर्णयांचे परिणाम खूप उशिरा आणि एकदम समोर येतात, त्यामुळे नेमकं काय चुकलं ते उमजत नाही. उत्तर निवडलं की एक वाक्यही मागे जाता येत नाही, हे मात्र मला योग्यच वाटलं.

राज्यशास्त्राच्या नजरेने एक गोष्ट खटकली. बर्जिया प्रांतात ब्लड नावाचा अल्पसंख्य समाज आहे, त्यांच्या हक्कांचा प्रश्न गेमभर धुमसतो, पण घटना बदलताना प्रांतांना विचारण्याचा टप्पाच नाही. आपल्याकडे संघराज्याशी संबंधित कलमांना कलम ३६८प्रमाणे निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. तो टप्पा तिथे असता तर बर्जियाची गोष्ट कशी वळली असती, याचा मी बराच विचार केला.

सुट्टीनंतर बारावीच्या वर्गात मी व्हीटोचं कलम मराठीत करून फळ्यावर लिहिलं आणि हात वर करायला सांगितले. आधी ३१ जणांनी ठेवा म्हटलं, ९ जणांनी काढा. मग मी एवढंच विचारलं, “पुढच्या वेळी तुम्हाला न आवडणारा माणूस निवडून आला तर?” मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर तोंड उघडत नव्हती, म्हणाली, “मॅडम, मग आधी तो माणूस कोण हे न बघताच लिहायला पाहिजे ना.” दुसऱ्यांदा हात मोजले तेव्हा ठेवा म्हणणारे १२ उरले. तास संपल्याची घंटा झाली तरी वाद चालू होता.

वाचायचा कंटाळा असेल तर घेऊ नका. बातम्या मन लावून वाचणाऱ्याने, स्पर्धा परीक्षांना राज्यघटना पाठ करणाऱ्याने आणि माझ्यासारख्या शिक्षकाने नक्की घ्यावा. २०२४ साली याच जगातल्या रिझिया नावाच्या राजेशाहीचा वेगळा भाग आला आहे. तो मी अजून घेतलेला नाही, कारण सॉर्डलँडची दुसरी फेरी चालू आहे. या वेळी व्हीटोचं कलम मसुद्यातून काढलंय. सभागृहात मतं जमली, आता न्यायालयाचा निकाल यायचा आहे.