मिडी की ओएससी? दोन प्रोग्राम एकमेकांना जोडताना

वाजवायचा कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडायचा असेल तर फार विचार करू नका, मिडीच. वाद्यं आणि कॉम्प्युटर यांनी एकमेकांना निरोप द्यायची ही १९८३ पासूनची भाषा आहे, वायर लावली की वाजायला लागतं. प्रश्न येतो तो एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याला चालवायचं असतं तेव्हा. माझ्याकडे प्युअर डेटातून (आवाजासाठी प्रोग्राम बांधायचं सॉफ्टवेअर) रीपर (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) चालतं. सातपुड्यातल्या ढोलाचे आणि पावरीचे (फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) तुकडे घेऊन आम्ही अहिराणी गाणी करतो.

दोन वर्षं मिडीवर काढली. त्रास एकच होता, आकड्यांचा: मिडीत प्रत्येक बटणाला नाव नसतं, नंबर असतो. लॅपटॉपच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली: २० ढोल, २१ पावरी, २२ गायिकेचा एको. मग मध्येच एक इफेक्ट वाढवला, आकडे सरकले, चिठ्ठी जुनीच राहिली. धुळ्याच्या कार्यक्रमात ढोल चढवायला गेलो आणि गायिकेचा एको चढला. शेजारचा ढोलकीवाला विचारतो, ‘ढोलना आवाज कोठे गया रे भो?’ त्या रात्री घरी येऊन चिठ्ठी फाडली.

आणि ओएससीकडे (ओपन साउंड कंट्रोल) वळलो. ही अशाच निरोपांची दुसरी भाषा, तिच्यात आकड्याऐवजी पत्ता असतो. स्लॅश ढोल, स्लॅश आवाज असं नावच पाठवायचं (रोमन अक्षरांत लिहावं लागतं, तेवढं चालतं). सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी काय कशाला जोडलंय ते वाचता येतं. शिवाय आवाज किती, फिल्टर किती ही किंमत मिडीसारखी ० ते १२७ च्या पायऱ्यांत अडकत नाही, अपूर्णांकात जाते. पावरीवरचा फिल्टर सावकाश उघडताना मिडीत मला पायऱ्या ऐकू यायच्या, आता येत नाहीत. दुसऱ्याच्या कानाला कदाचित फरक जाणवणारही नाही.

ओएससीची बाजू लंगडी कुठे, तेही सांगतो. प्रत्येक प्रोग्रामचे पत्ते वेगळे, त्यामुळे पहिली संध्याकाळ जुळवाजुळवीतच जाते. आणि निरोप बहुतेक वेळा यूडीपी या नेटवर्कच्या पद्धतीने जातो, म्हणजे पोहोचला की नाही याची पोच नाही. एकदा वायफायवरून सूर पाठवत होतो, सूर थांबवायचा निरोप हरवला आणि पावरी वाजतच राहिली. तेव्हापासून दोन लॅपटॉप असले की मध्ये लॅनची वायर घालतो, आणि सूर मिडीनेच पाठवतो. ओएससीकडे फक्त आवाज, फिल्टर, एको. एकाच लॅपटॉपवर काम असेल तर वायरचाही प्रश्न नाही.

तुमच्याकडे पाच-सहाच बटणं असतील तर मिडी पुरेल, उगाच बदलू नका. त्याहून जास्त असतील तर मी ओएससीच घेईन. फक्त आधी सॉफ्टवेअर पाहा: रीपर ओएससी थेट घेतं, एबलटन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरला मात्र मॅक्स फॉर लाइव्हसारख्या जोड-सॉफ्टवेअरचा वळसा पडतो.