अंगदुखीसाठी मेंदूला चुंबकीय उपचार: कोकणातून मुंबई गाठावी का?

मुंबई-पुण्यात डोक्याला चुंबक लावून अंगदुखी कमी करतात, तिकडे जावं का, असं रत्नागिरीत फिजिओथेरपी करताना मला हल्ली बरेच जण विचारतात. तुमचं दुखणं कुठल्या प्रकारचं आहे, यावर त्याचं उत्तर ठरतं.

मासळीची पाटी डोक्यावरून वाहून धरलेली मान, झेला उंच धरून आंबे काढल्यामुळे भरलेला खांदा, लावणीत वाकून आखडलेली कंबर, ही दुखणी जिथे दुखतं तिथलीच असतात. स्नायूत गाठ सापडते, ती दाबली की कळ पार हातापर्यंत उतरते. अशा दुखण्यासाठी मुंबई गाठायची काहीच गरज नाही. शेक, ताण देणारे व्यायाम आणि ओझं उचलण्याच्या पद्धतीत बदल, एवढ्यावर बहुतेकांना आराम पडतो.

दुसरा प्रकार वेगळा. महिनोन् महिने अख्खं अंग ठणकतं, झोपून उठलं तरी थकवा जात नाही, रिपोर्ट मात्र सगळे नॉर्मल. घरचे म्हणतात, "तुला काय झालेला नाय." पण झालेलं असतं. वेदनेचे संदेश चाळणारी मेंदू आणि मज्जारज्जूतली यंत्रणाच हळवी झालेली असते. फायब्रोमायल्जिया हा त्यातला ओळखीचा आजार. चुंबकीय उपचाराचा, म्हणजे टीएमएसचा, विचार करायचा तो इथे. त्याआधी थायरॉईड आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण तिनेही स्नायू दुखू शकतात. आणि हो, लावणीच्या दिवसांत ताप येऊन पोटऱ्या दुखायला लागल्या, तर हे वाचत बसू नका. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) असू शकतो, त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

टीएमएसचं तंत्र १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर यांनी दाखवलं. डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, क्षणभर जोराचा विद्युतप्रवाह सोडतात, त्याचं चुंबकीय क्षेत्र कवटीतून आत जातं आणि मेंदूच्या वरच्या थरात बारीकसा प्रवाह निर्माण करतं. पहिल्या दिवशी डॉक्टर कॉइल डाव्या बाजूने किंचित किंचित सरकवत जातात आणि एका जागी तुमच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. हालचालींचं केंद्र सापडल्याची ती खूण. अंगठा उडवायला किती जोर लागला, त्यावरून तुमचा डोस ठरतो. नंतर खुर्चीत बसून राहायचं. टकटक आवाज मोठा असतो म्हणून कानात बोळे घालतात. भूल नाही, सुई नाही.

गुण किती येतो? नस दुखावल्यामुळे होणाऱ्या वेदनेत पुरावा सर्वांत भक्कम आहे. फायब्रोमायल्जियात त्याहून एक पायरी खाली. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यानुसार जुनाट वेदनेत होणारा फायदा लहान आणि थोड्या काळापुरता असतो. साध्या स्नायूदुखीसाठी मी हा खर्च करायला सांगणार नाही. मात्र अंगदुखीसोबत औषधांना दाद न देणारं डिप्रेशनही असेल, तर पारडं टीएमएसकडे झुकतं. डिप्रेशनसाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००८ मध्येच त्याला परवानगी दिली आहे.

आता व्यायाम. फायब्रोमायल्जियासाठी युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी सगळे उपचार तपासले, तेव्हा ठाम शिफारस एकट्या व्यायामाला मिळाली. "दिवसभर राबतंय, आणखी व्यायाम कसला?" हे मी रोज ऐकते, आणि त्या बायकांचा थकवा खरा असतो. पण राबताना तेच स्नायू त्याच पद्धतीने ताणले जातात. व्यायामात भार आपल्या हातात राहतो. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला, घट्ट वाळूवर दहा मिनिटं चालायचं. आठवड्याने दोन मिनिटं वाढवायची. बरं वाटलं त्या दिवशी तासभर चालायचं नाही, दुसऱ्या दिवशी अंग धरतं. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात आणि लोक नेमके त्याआधी सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

गोळ्यांमध्ये रात्री कमी डोसात अमिट्रिप्टिलिन, नाहीतर ड्युलोक्सेटिन किंवा प्रेगाबालिन देतात. काहींना चांगला गुण येतो, काहींना झोप, चक्कर, तोंडाला कोरड किंवा वजनवाढ सोसत नाही. मनाने सुरू किंवा बंद करू नका. दुकानातून आणलेलं डायक्लोफेनॅक या दुखण्यात फारसं उपयोगी नाही, उलट पोट आणि मूत्रपिंडं बिघडवतं. चुंबकाचे पट्टे आणि कडी यांचा टीएमएसशी काहीच संबंध नाही. स्थिर चुंबकाने मेंदूत प्रवाह तयार होत नाही, तिथे पैसे घालू नका.

कोकणातल्या माणसासाठी टीएमएसची खरी अडचण हजेरीची आहे. आठवड्यातून पाच दिवस, असे दोन ते चार आठवडे, आणि गुण टिकवायला पुढेही अधूनमधून जावं लागतं. रेल्वेने सहा-सात तास बसूनच दुखणं वाढतं, म्हणजे मुंबईत मुक्काम आलाच. डोंबिवलीला बहीण असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर खोलीचं भाडं उपचाराच्या खर्चात धरा. मासेमारीवाल्यांना १ जून ते ३१ जुलैची बंदी सोयीची पडते. शेतीवाल्यांनी लावणी उरकून जावं, पण गणपतीच्या आधी परत यावं, तेव्हा गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते.

डोक्यात धातूची क्लिप, कानात कॉक्लियर इम्प्लांट, पेसमेकर किंवा फिट्सचा इतिहास असेल तर आधीच सांगा, बहुधा नकार मिळेल. एरवी थोडी डोकेदुखी किंवा टाळू दुखणं एवढाच त्रास होतो. फिट येणं फार क्वचित.

माझ्या मते तीन महिने नेटाने व्यायाम आणि डॉक्टरांच्या देखरेखीत एखादं औषध, हे दोन्ही करूनही अंग ठणकतच असेल, तरच टीएमएससाठी फोन करा. फोनवर विचारा: कॉइल डोक्यावर लावणार की दुखऱ्या स्नायूवर, कारण दोन्ही प्रकार चालतात. सेशन किती, नंतरच्या फेऱ्या धरून एकूण पैसे किती, आणि दहा सेशननंतर फरक पडला नाही तर थांबवून उरलेले पैसे परत देणार का.