बाल्डर्स गेट 3 : आठ महिने, तीन पार्ट्या आणि पिशवीत पडून राहिलेल्या 41 बाटल्या

बाल्डर्स गेट 3 या संगणकावरच्या भूमिका-खेळात महिन्यापूर्वी एका रविवारी रात्री माझी ऑनर मोडची पार्टी, म्हणजे चौघांची टोळी, हाउस ऑफ ग्रीफमध्ये संपली. या मोडमध्ये एकच सेव्ह असतो आणि चौघेही पडले की खेळ तिथेच थांबतो, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. तिसऱ्या अंकापर्यंत आलो होतो आणि सगळे अकराव्या लेव्हलला होते. शार या अंधाराच्या देवीच्या भक्तांनी काळोख पसरून चहूबाजूंनी घेरले. आधी माझा जादूगार सोबती गेल पडला, मग कार्लॅक, मग माझी पॅलाडिन, आणि शेवटी ॲस्टेरियन एकटा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा मी काय केले, तर एक बाण मारला. बाण चुकला. त्यानंतर आलेल्या आकडेवारीच्या पडद्याकडे पाहत मी बराच वेळ बसून राहिलो, आणि मग ऑनर मोड सोडून तोच खेळ पुढे चालवण्याचा जो पर्याय मिळतो तो केवळ एका कारणासाठी निवडला: मला पिशवी मोजायची होती.

पिशवीत 41 बाटल्या निघाल्या. जखमा भरून काढणाऱ्या 23 होत्या, वेग वाढवणाऱ्या 6, आणि अदृश्य करणाऱ्या 4. त्याशिवाय 26 स्क्रोल होते, त्यांत ग्लोब ऑफ इनव्हल्नरेबिलिटीचाही एक होता, म्हणजे ज्या घुमटाच्या आत उभे राहिले की काही फेऱ्या कोणालाच इजा होत नाही तो. अदृश्य होण्याची एक बाटली ॲस्टेरियनने बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या छोट्या जादा कृतीत) पिऊन बाहेरची वाट धरली असती, तर तो लढाईतून निसटून कॅम्पवर पोहोचला असता आणि तिथल्या विदर्स या पात्राने 200 सोन्याच्या नाण्यांत एकेकाला उठवले असते. माझ्याजवळ नाणी साडेअकरा हजार होती. ती मी अर्थातच राखून ठेवली होती.

हा अभिप्राय याच एका गोष्टीबद्दल आहे. डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या खेळाच्या) पाचव्या आवृत्तीचे नियम, वीस बाजूंचा फासा, चौघांची पार्टी, बाराव्या लेव्हलची मर्यादा, 2023 साली मिळालेले पुरस्कार, यांवर पुरेसे लिहून झाले आहे आणि त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. चित्रे सुंदर आहेत, बोरिस्लाव्ह स्लावॉव्ह यांचे संगीत अजून कानात आहे, लिखाण बहुतेक ठिकाणी फार वरच्या दर्जाचे आहे. मला बोलायचे आहे ते काटकसरी माणसाचे या खेळात काय होते याबद्दल, कारण मी आठ महिने या खेळाशी भांडलो आणि त्यांतले पहिले साडेतीन महिने चुकीच्या मुद्द्यावर भांडलो.

पहिला खेळ मी बॅलन्स्ड या मधल्या अवघडपणाच्या पातळीवर खेळलो. या पातळीवर एका लाँग रेस्टला, म्हणजे कॅम्पवरच्या रात्रीच्या झोपेला, 40 कॅम्प सप्लाय (खाण्याचा साठा) लागतात, टॅक्टिशियन आणि ऑनर या अवघड पातळ्यांवर 80. आता ज्याला वाटेत सापडलेले प्रत्येक सफरचंद, प्रत्येक चीजचा तुकडा आणि प्रत्येक कुजकट मासा उचलून कॅम्पवर पाठवायची सवय आहे, त्याला 40 हा आकडा खर्चासारखाच दिसणार. मी ठरवून टाकले की अगदीच नाइलाज झाल्याशिवाय झोपायचे नाही. दोन शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती) पुरवून पुरवून वापरायचे, गेलचे स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याच्या संधी) संपले तर त्याला काठी घेऊन उभे करायचे, आणि मगच काय ते पाहायचे. पार्टीची निवडसुद्धा मी याच हिशेबाने केली. विल हा सोबती वॉरलॉक वर्गाचा असल्यामुळे त्याचे स्लॉट शॉर्ट रेस्टलाच परत येतात, लेझेल फायटर असल्यामुळे तिची ॲक्शन सर्ज (पाळीत एक जादा कृती) शॉर्ट रेस्टला परत येते, आणि माझे स्वतःचे पात्र मी बार्ड केले, कारण बार्डच्या साँग ऑफ रेस्टमुळे तिसरा शॉर्ट रेस्ट फुकट पदरात पडतो. मला ही फार हुशारी वाटली होती. पहिल्या अंकात मी एकूण सात वेळा झोपलो.

या घाईला कथेचाही भक्कम आधार होता, हे मी माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. खेळ सुरू होतो तेव्हाच डोक्यात किडा घातलेला असतो, आणि लवकर उपाय केला नाही तर तुमचे माइंड फ्लेअर नावाच्या राक्षसात रूपांतर होईल असे सगळे जण कानीकपाळी ओरडत असतात. लेझेल तर प्रत्येक वळणावर, क्रेशला (तिच्या लोकांच्या तळावर) चला, वेळ नाही, असा तगादा लावते. अशा स्थितीत कोणता शहाणा माणूस अंथरूण पसरेल? त्यातच वॉकीन्स रेस्टची सराय जळताना दिसली. मी तिथून सवयीने परत फिरून एकदा झोपून आलो, आणि सकाळपर्यंत आत अडकलेली माणसे मेली होती. मी त्यातून धडा घेतला की या खेळात झोपणे म्हणजे कोणाचा तरी जीव जाणे. पुढे ग्रिमफोर्जमध्ये दरडीआड विषारी वायूत अडकलेल्या निअर या पात्राच्या बाबतीतही तसेच घड्याळ चालू असते, त्यामुळे धडा पक्का झाला.

धडा साफ चुकीचा होता. अशा थोड्या जागा सोडल्या तर या खेळात घड्याळच नाही. डोक्यातला किडा तुमची हवी तितकी रात्र वाट पाहतो. कथा एक सांगते, नियम दुसरेच सांगतात, आणि या दोहोंत खरे कोण बोलते आहे हे खेळ कुठेही स्पष्ट करत नाही.

मी पहिला खेळ सुमारे 110 तासांत संपवला आणि त्या वेळी माझ्या टिपणवहीत लिहून ठेवलेले वाक्य असे आहे: 'लढाया उत्कृष्ट, सोबती मात्र थंड आणि अबोल, यांच्याबद्दल लोक एवढे का भारावून बोलतात ते कळत नाही.' हे मत मी धाकट्या बहिणीला ऐकवले. तिने हा खेळ माझ्या आधी दोनदा पूर्ण केला आहे.

तिने विचारले, "गेल त्या रात्री जादू शिकवतो तेव्हा तू काय केलंस?"

मी विचारले, "कुठल्या रात्री?"

"बरं, ॲस्टेरियन झोपेत चावायला येतो तेव्हा?"

तोही आला नव्हता. तिने माझा सेव्ह उघडून पाहिला, कॅम्पच्या पेटीत साठलेले 2,300 सप्लाय पाहिले आणि म्हणाली, "दादा, तू त्यांना झोपूच देत नाहीस, तर ते तुझ्याशी बोलणार कधी?"

सोबत्यांचे बहुतेक मोठे प्रसंग लाँग रेस्टच्या रात्री घडतात, आणि साधारणपणे एका रात्री एकच मोठा प्रसंग येतो. बाकीचे मागे रांगेत उभे राहतात. तुम्ही झोपला नाहीत तर रांग वाढत जाते, आणि पुढच्या अंकात गेलात की रांगेतले काही प्रसंग कायमचे जातात. म्हणजे 2,300 सप्लाय वाचवताना मी या खेळातला सर्वांत चांगला भाग पेटीत कुजवत ठेवला होता. सोबती थंड आहेत हे विधान मी इथे पूर्णपणे मागे घेतो. थंड मी होतो.

तक्रार मात्र मागे घेत नाही. कॅम्पवर गेल्यावर ज्याला बोलायचे आहे त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसते, हे खरे. पण कॅम्पवर जायला हवे, झोपायला हवे, रात्री वाट पाहत आहेत, हे कॅम्पबाहेर असताना कळावे कसे? नकाशाच्या कडेला एखादी बारीक खूण पुरली असती. फाशावर किती अधिक आणि किती वजा झाले याचा इंच इंच हिशेब मांडून दाखवणारा हा खेळ नेमका या एका हिशेबाबद्दल तोंड मिटून बसतो, आणि त्याची किंमत तोच खेळाडू मोजतो ज्याने खेळाचे म्हणणे सर्वांत मनावर घेतलेले असते.

दुसरा खेळ, म्हणजे पुढे हाउस ऑफ ग्रीफमध्ये संपलेला ऑनर मोडचा, मी बहिणीच्या देखरेखीखाली सुरू केला, असे म्हटले तरी चालेल. या वेळी दर दोन-तीन लढायांनंतर झोपायचे ठरवले. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की माझा जुना हिशेब कथेच्याच नव्हे, व्यापाराच्या दृष्टीनेही चुकला होता. व्यापाऱ्यांचा माल लाँग रेस्टनंतर नव्याने भरतो. म्हणजे झोपल्यामुळे 80 सप्लाय जातात, पण सकाळी पहिल्या अंकातल्या ग्रोव्ह या वस्तीत आंटी एथेल या विक्रेतीकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे बाटल्या पुन्हा मांडलेल्या असतात. एथेलकडे मिळणारे हिल जायंट स्ट्रेंग्थचे एलिक्सिर पुढच्या लाँग रेस्टपर्यंत ताकद 21 वर नेऊन ठेवते, मग पिणारा मुळात काडीपैलवान का असेना. ही वस्तू पहिल्या खेळात मी दोन विकत घेतल्या होत्या आणि दोन्ही शेवटपर्यंत जपल्या. दुसऱ्या खेळात रोज सकाळी एक प्यायलो आणि तरीही संपल्या नाहीत. जो साठा रोज भरून येतो तो जपून ठेवण्यात काटकसर कसली?

आता गेलबद्दल. ज्यांनी खेळला आहे त्यांना माहीत आहे की या माणसाला अधूनमधून जादूची वस्तू शोषून घ्यावी लागते, आणि तो ती तुमच्याकडे मागतो, एकदा नव्हे तर तीनदा. पहिल्या खेळात मी त्याला सरळ नकार दिला होता आणि तो नाराज झाला होता. दुसऱ्या खेळात वस्तूंची यादी समोर उघडली तेव्हा मी दहा मिनिटे ती वर-खाली करत बसलो. अंगठी नको, कारण ती पुढे कोणीतरी घालेल. भाला नको, कारण लेझेलला कधी तरी भाला द्यावासा वाटला तर? शेवटी कोणाच्याच पायात न शोभणारे एक बुटांचे जोड दिले. गेलने ते छातीशी धरले, डोळे मिटले, निळसर प्रकाश झाला आणि बूट गेले. त्यानंतर त्याने जे आभार मानले त्यात इतका खरेपणा होता की मला त्या बुटांची नव्हे, पहिल्या खेळातल्या नकाराची लाज वाटली. दुसरी वस्तू मी दोन मिनिटांत दिली.

इतर बाबी थोडक्यात. डिस्कवर दीडशे जीबी जागा आणि एसएसडी मागणारा हा खेळ माझ्या जुन्या मशीनवर पहिले दोन अंक नीट चालतो आणि तिसऱ्या अंकात लोअर सिटीत शिरल्यावर धापा टाकू लागतो. गर्दीचे तपशील कमी केले की सुसह्य होतो. सामानाच्या पिशव्यांचा गोंधळ सुरुवातीला फार होता असे जुने खेळाडू सांगतात, कारण कॅम्पवर मागे राहिलेल्या सोबत्याच्या अंगावरची वस्तू हवी असली तर आधी त्याला पार्टीत घ्यावे लागे. नोव्हेंबर 2023 च्या पाचव्या पॅचने ही अडचण दूर केली, आणि त्याच पॅचमध्ये ऑनर मोड आणि खेळ संपल्यानंतरच्या भेटीगाठींचा नवा समारोपही आला. एप्रिल 2025 च्या आठव्या पॅचमध्ये 12 नवे सबक्लास (पात्रांचे उपवर्ग) आले. यांपैकी कशालाही वेगळे पैसे पडले नाहीत, आणि माझ्यासारख्या माणसाच्या मनात हा खेळ बनवणाऱ्या लॅरियनबद्दल आदर निर्माण व्हायला तेवढे कारण पुरेसे आहे. कार्मिक डाइस, म्हणजे सलग वाईट फासे टाळणारी सोय, मी बंद ठेवतो, कारण फासा सलग चार वेळा वाईट पडला तर तो माझ्या नशिबाने पडला एवढे तरी समाधान असावे.

प्रश्न असा उरतो की एवढे सगळे कळल्यावर मी ऑनर मोडमध्ये 41 बाटल्या घेऊन का मेलो. झोपायला मी शिकलो होतो, प्यायला शिकलो नव्हतो. एकच सेव्ह असल्यामुळे प्रत्येक लढाईत पुढची लढाई याहून अवघड असेल असे वाटत राहते, आणि अवघड लढाई समोर येऊन उभी राहिली तरी तिच्या पलीकडची दिसते. बाटली पिण्यासाठी बोनस ॲक्शनच लागते, आणि ती पायाशी फेकून फोडली तर आसपासच्या सगळ्यांच्या जखमा एकदम भरतात, हे मला तोंडपाठ होते. हाउस ऑफ ग्रीफच्या दुसऱ्याच फेरीत गेल आणि कार्लॅक हाताच्या अंतरावर उभे होते. एका बाटलीत दोघे सावरले असते. मी तेव्हा बाटलीवर कर्सर नेला होता, हे मला स्पष्ट आठवते, आणि तिच्यावरचा 'सुपीरियर' हा शब्द वाचून साधी बाटली शोधायला यादी खाली सरकवली होती. साधी सापडली नाही म्हणून तलवार चालवली.

तिसरी पार्टी, पुन्हा ऑनरमध्ये, तीन आठवड्यांपूर्वी सुरू केली. बाटल्यांसाठी नियम असा केला आहे की चौघांकडे मिळून बारापेक्षा जास्त झाल्या तर वरच्या त्याच लढाईत संपवायच्या, आणि गॉब्लिन कॅम्पमध्ये हा नियम एकदा मोडून सात वेळा पाळला. काल पहिला अंक आटोपून माउंटन पासच्या तोंडाशी आलो. मागचे काही राहिले असेल तर उरकून घ्या, अशी सूचना खेळाने दिली. मी मागे फिरलो आणि चौघांना सलग चार रात्री झोपवले, 320 सप्लाय खर्च करून. चारही रात्री कोणी ना कोणी उठून बोलायला आले, त्यांत एक प्रसंग असा होता जो बहिणीनेही पाहिलेला नव्हता. पाचव्या रात्री कोणीच उठले नाही, तेव्हा सकाळी डोंगरवाटेला लागलो.